खुर्चीला मागची बाजू नसते

खुर्ची या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे. एकतीस वर्षे मी बँकेत नोकरी केली आणि बँकेत माणूस ओळखला जातो तो खुर्चीवरून. १९८३ साली कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा वाट्याला आली ती बिनहाताची, वेताच्या बैठकीची खुर्ची. अधिकारी झालो तेव्हा खुर्चीला हात फुटले. शाखा व्यवस्थापक झालो तेव्हा ती गरगर फिरू लागली आणि तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल आला. एवढ्या खुर्च्या उबवल्या. पण यांतली एखादी तरी कोणी बनवली असेल, हा प्रश्न मला नोकरीत कधी पडला नाही. तो पडला निवृत्तीनंतर, साठी उलटून गेल्यावर, आणि तोही घरापासून सहा हजारांहून अधिक किलोमीटरांवर, कोपनहेगनमध्ये.

माझा पुतण्या तिथे नोकरीला आहे. २०२३ च्या जूनमध्ये त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो. जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. तीन साध्या, चौथी मात्र वेगळ्याच कुळातली. पाठीचा टेका आणि हात मिळून लाकडाचे एकच अर्धवर्तुळ, त्याला मधोमध आधार देणारी इंग्रजी वाय अक्षरासारखी पट्टी, आणि बैठक दोरीने विणलेली. ‘‘काका, तुम्ही या खुर्चीवर बसा. पाठीला बरं वाटेल,’’ सूनबाई म्हणाली. तासभर जेवण आणि दोन तास गप्पा झाल्या, पण माझ्या कुरकुऱ्या पाठीने तक्रार केली नाही. मग बँकेची सवय उफाळून आली आणि मी किंमत विचारली. पुतण्या हसला. म्हणाला, ‘‘नवी घ्यायची तर आपल्या पन्नास हजारांच्या पुढे. ही जुनी, कुणाच्या तरी आजीच्या घरातून निघालेली, म्हणून परवडली.’’

‘‘एका खुर्चीला?’’

‘‘एका.’’

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. इतक्या पैशांत आमच्या वेळी मुलीचे लग्न होत असे, वगैरे विचार मनात आलेच. पण खरा प्रश्न वेगळा होता. लाकडाच्या काही तुकड्यांना आणि दोरीच्या गुंडाळ्याला एवढी किंमत कोण देते, का देते, आणि ती किंमत टिकते कशी?

चांभाराचा मुलगा, सुताराचा शागीर्द

ही खुर्ची हान्स वेगनर या माणसाची. त्याचा जन्म १९१४ चा, जर्मनीच्या सीमेला लागून असलेल्या टोंडर या गावचा. गाव तेव्हा जर्मनीत होते. १९२० च्या सार्वमतानंतर ते डेन्मार्कमध्ये परतले. वडील जोडे शिवायचे. मुलगा चौदाव्या वर्षी गावातल्या सुतारमिस्त्रीकडे शागीर्द म्हणून राहिला. विसाव्या वर्षी लष्करी सेवेसाठी राजधानीत आला, १९३६ मध्ये तिथल्या कला आणि हस्तव्यवसायाच्या शाळेत दाखल झाला. म्हणजे कागदावर रेघ मारायला शिकण्याआधी हा माणूस रंधा मारायला शिकलेला होता. आयुष्यभरात त्याने पाचशेहून अधिक खुर्च्यांचे आराखडे केले. २००७ साली, ब्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

वर वर्णन केलेली खुर्ची १९४९ सालची. कार्ल हान्सन या सुताराने १९०८ मध्ये ओडेन्स गावी काढलेल्या कारखान्यासाठी वेगनरने ती आखली आणि १९५० पासून तिचे उत्पादन अखंड चालू आहे. कार्लचा मुलगा होल्गर १९६२ मध्ये अकाली गेला, तेव्हा त्याची पत्नी एला हिने कारखाना सांभाळला. आज तो तिसऱ्या पिढीकडे आहे आणि खुर्च्या फ्यून बेटावरच्या गेल्सटेड येथे बनतात.

त्याच १९४९ साली वेगनरने आणखी एक गोल खुर्ची केली. योहानेस हान्सन या मिस्त्रीने ती कोपनहेगनच्या सुतारसंघाच्या प्रदर्शनात मांडली. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन मासिकाने तिला जगातली सर्वांत सुंदर खुर्ची म्हटले. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांचा दूरचित्रवाणीवरचा गाजलेला वाद झाला, तेव्हा दोघांनाही बसायला हीच खुर्ची होती. केनेडींना पाठीचा जुना त्रास होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निवडीचे कौतुक वाटते. आपल्याकडे खुर्चीसाठी निवडणूक लढवतात; तिथे निवडणुकीत एक खुर्ची प्रसिद्ध झाली, एवढाच फरक.

हुशारी एकट्याची नव्हती

एवढे सांगून थांबलो, तर ही एका प्रतिभावंताची गोष्ट होईल. पण प्रतिभावंत सुतार आपल्याकडे का कमी होते? कोकणातल्या वाड्यांचे खांब पाहा, देवळांचे लाकडी सभामंडप पाहा. मला शोधायचे होते ते प्रतिभेच्या पलीकडचे काही. आणि ते सापडले ते, चमत्कारिक वाटेल, एका संकटात.

१९२० च्या दशकात कोपनहेगनचे सुतार हवालदिल झाले होते. कारखान्यात बनलेले स्वस्त फर्निचर बाजारात आले होते आणि हाताने काम करणाऱ्या छोट्या कार्यशाळांचे गिऱ्हाईक सुटत चालले होते. आपल्याकडे हातमागवाल्यांनी जे पाहिले, तेच. सुतारांच्या संघाने तेव्हा मदतीचा अर्ज करून स्वस्थ न बसता १९२७ पासून दरवर्षी एक प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. त्यासाठी मिस्त्री आणि तरुण वास्तुशिल्पी यांच्या जोड्या जमल्या. एकाच्या हाती कागद, दुसऱ्याच्या हाती पटाशी. लोक प्रदर्शन पाहायला येत, वर्तमानपत्रे टीका करत, पुढच्या वर्षी नव्या खुर्च्या येत. हे प्रदर्शन १९६६ पर्यंत, चाळीस वर्षे, युद्ध आणि परकीयांचा ताबा सोसूनही चालले.

दुसरीकडे शिक्षण. राजधानीच्या कला अकादमीत १९२४ मध्ये कोर क्लिंट या शिक्षकाने फर्निचरचा विभाग सुरू केला. त्याची रीत मजेशीर होती. नवे काही सुचवण्याआधी जुने मोजा, असे तो विद्यार्थ्यांना सांगे. इंग्रजी खुर्ची मोजा, चिनी खुर्ची मोजा, माणूस बसल्यावर गुडघा किती उंचीवर येतो ते मोजा.

आणि तिसरी गोष्ट सहकार. आमच्यासारख्या बँकवाल्यांना ती जवळची. डेन्मार्कमधले पहिले ग्राहक भांडार थिस्टेड गावी १८६६ मध्ये निघाले आणि १८९६ मध्ये अशा भांडारांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. १९४२ साली या संस्थेने ठरवले, की सभासदांना साखर-पीठ देतो तसे चांगले फर्निचरही द्यायचे. त्या विभागाचा प्रमुख म्हणून नेमला बोर्गे मोगेन्सन, वेगनरचा जिवलग मित्र. मोगेन्सनने १९४७ मध्ये बीचच्या लाकडाची, दोरीच्या बैठकीची एक साधी खुर्ची केली. कामगाराच्या स्वयंपाकघरात मावेल आणि खिशाला झेपेल अशी. डेन्मार्कमध्ये तिला लोकांची खुर्ची म्हणतात. वेगनरनेही याच संस्थेसाठी १९४४ मध्ये डोलखुर्ची करून दिली होती.

म्हणजे संघ, शाळा आणि सहकारी भांडार, अशा तीन पायांवर ही खुर्ची उभी राहिली. प्रतिभा हा चौथा पाय. तो आवश्यक खराच, पण एका पायावर खुर्ची उभी राहत नाही.

दोरी कागदाची, काम हाताचे

आता थोडे त्या खुर्चीच्या घडणीविषयी. तिला शंभराहून अधिक कृती लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच हाताने होतात. पण सगळे हातानेच, असा सोवळेपणा नाही. वेगनरने ती आखलीच मुळी यंत्र आणि हात यांची वाटणी करून. मागचे पाय पाहिले तर लाकूड पिळून वाकवल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते सपाट फळीतून कापलेले असतात. वाक डोळ्याला दिसतो, लाकडावर जबरदस्ती होत नाही. वरचे अर्धवर्तुळ मात्र वाफेवर मऊ करून वाकवलेले. सांध्यांत कुसू भोकात घट्ट बसवलेली.

बैठकीची दोरी कागदाची आहे, हे ऐकून मी पुन्हा एकदा उठून पाहिले. कागद पिळून केलेली ही दोरी दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळात, समुद्री गवताची दोरी मिळेनाशी झाल्यावर डॅनिश खुर्च्यांत आली आणि युद्ध संपल्यावरही राहिली, कारण ती टिकते. एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोरी लागते आणि सरावलेल्या विणकराला ती विणायला साधारण तासभर. वीस-पंचवीस वर्षांनी सैल पडली, तर ती काढून नवी विणायची. सांगाडा तोच.

वेगनरचे एक सांगणे मला फार आवडले. खुर्चीला मागची बाजू असताच कामा नये, असे तो म्हणे. ती कुठूनही पाहिली तरी तेवढीच नीट दिसली पाहिजे. कोपनहेगनच्या डिझाइन संग्रहालयात, म्हणजे अठराव्या शतकातल्या एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत, शंभरावर खुर्च्या एका बोगद्यासारख्या दालनात भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवल्या आहेत. आपल्याकडे गाभाऱ्यात मूर्ती असते तशा. मी तिथे एक दुपार काढली आणि बाहेर पडताना मनात एक शंका घेऊन निघालो. लोकांची खुर्ची कोनाड्यात गेली कशी?

नक्कल कशाला म्हणायचे?

या शंकेला निमित्त मिळाले ते न्यायालयांमुळे. युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी एका खुर्चीविषयी निकाल दिला. खुर्ची डॅनिश नव्हती, अमेरिकेतल्या चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याची होती. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या एका दुकानसाखळीने तिच्यासारखी खुर्ची विकायला काढली आणि हक्कदार कंपनी न्यायालयात गेली. प्रश्न असा होता, की अमेरिका स्वतः अशा वस्तूंना पुरेसे संरक्षण देत नसेल, तर युरोपने अमेरिकन खुर्चीला का द्यावे? न्यायालयाने सांगितले, की ‘तुम्ही देत नाही म्हणून आम्हीही देत नाही’ असे एखादे सदस्य राष्ट्र स्वतःच्या अखत्यारीत म्हणू शकत नाही. अर्थ सरळ आहे. खुर्ची ही कलाकृती ठरू शकते, आणि ठरली तर तिचे संरक्षण कादंबरीइतकेच लांब, निर्मात्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांपर्यंत. वेगनर २००७ मध्ये गेला. म्हणजे डेन्मार्कमध्ये त्याची खुर्ची २०७७ च्या अखेरीपर्यंत राखीव.

ब्रिटनमध्ये पूर्वी कारखान्यात बनणाऱ्या अशा वस्तूंना पंचवीसच वर्षे संरक्षण होते. ती सवलत २०१६ मध्ये रद्द झाली आणि स्वस्त प्रतिकृती विकणाऱ्यांना २०१७ च्या जानेवारीअखेर आपला माल आवरावा लागला. जपानच्या बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने तर २०११ मध्ये वेगनरच्या या खुर्चीचा नुसता आकार व्यापारचिन्ह म्हणून मान्य केला. खुर्चीवर नाव नसले तरी ती कोणाची हे गिऱ्हाईक ओळखते, हे त्यामागचे कारण.

आपल्याकडचा कायदा वेगळ्या वळणाचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या पंधराव्या कलमाचा साधारण अर्थ असा: जी रचना डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिची वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वेळा बनली, की त्या रचनेवरचा कॉपीराइट संपतो. नोंदवली तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली फार तर पंधरा वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी एका औद्योगिक यंत्रसामग्रीच्या वादात कला कुठे संपते आणि उपयोगाची वस्तू कुठे सुरू होते, याच्या कसोट्या नव्याने घालून दिल्या. एक्कावन्नाव्या खुर्चीला कला संपते, हा नियम कानाला विनोदी वाटतो. पण त्यामागे एक शहाणपण आहे: रोजच्या वापराची वस्तू कोणा एकाच्या मालकीत शतकभर अडकू नये.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माझे पुस्तक कोणी चोरून छापले तर मला झोंबेल. त्यामुळे माझा कल आधी युरोपकडे होता. पण एक गोष्ट आड आली. वेगनरची ही खुर्ची आली कुठून? त्याने जुनी चित्रे पाहिली होती, ज्यांत डॅनिश व्यापारी मिंग घराण्याच्या काळातल्या चिनी खुर्च्यांवर बसलेले होते. त्यावरून त्याने १९४० च्या दशकाच्या मध्यात काही ‘चिनी’ खुर्च्या केल्या आणि त्यांच्याच घराण्यातली ही. मोगेन्सनची लोकांची खुर्ची अमेरिकेतल्या शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्यांवरून सुचली. चीनमधल्या त्या निनावी सुताराला सत्तर वर्षे सोडाच, सात दिवसांचाही हक्क मिळाला नाही.

म्हणजे वेगनरने चोरी केली का? मुळीच नाही. त्याने जुन्या खुर्चीतून अनावश्यक ते काढून टाकले, पाठीचा बाक बदलला, सांधे नव्याने सोडवले. जो जुने पाहून त्याच्यापुढे एक पाऊल टाकतो तो शिष्य. जो तेच बाह्य रूप उचलून आतले श्रम गाळतो तो नकलाकार. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मी या खुर्चीची एक प्रतिकृती पाहिली. दिसायला हुबेहूब. उलटी केली तर सांध्यात स्क्रू आणि बैठकीखाली प्लायवूड. तिला मागची बाजू होती. कायदा बाह्य रूपाचे रक्षण करतो. आतल्या श्रमाचे रक्षण कोण करणार, हे तो सांगत नाही. आणि राखीव हक्कांमुळे किंमत चढी राहिली, तर कामगाराच्या स्वयंपाकघराच्या स्वप्नातून निघालेली खुर्ची श्रीमंताच्या दिवाणखान्यातच राहते, हेही खरे.

हिशेबात खुर्ची हरते

या खुर्च्यांचे चाहते एक युक्तिवाद नेहमी करतात: महाग असली तरी पन्नास वर्षे टिकते, म्हणजे स्वस्तच. बँकवाल्याला हे सांगू नये. समजा, खुर्ची साठ हजारांची. तेच साठ हजार सात टक्के व्याजाने ठेवले, तर वर्षाला ४,२०० रुपये येतील. त्यात दरवर्षी चार हजारांची एक नवी खुर्ची येईल आणि मुद्दल शाबूत. हिशेबात डॅनिश खुर्ची साफ हरते.

मात्र त्या हिशेबात दरवर्षी उकिरड्यावर जाणारी जुनी खुर्ची धरलेली नाही. चार हजारांची खुर्ची बनवणाऱ्याच्या हातात किती उरले, तेही नाही. नोकरीत असताना मी अशा हिशेबापाशीच थांबत असे. एकदा तर थांबलो आणि सहीही केली.

१९९६ ची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. दर दिवाळीआधी एक अंध गृहस्थ खुर्च्या विणायला येत. सगळे त्यांना तात्या म्हणत. नातवाचा हात धरून यायचे, बैठकीखालून बोटे फिरवायचे आणि कुठला वेत सैल पडलाय ते आम्हा डोळसांना सांगायचे. दोन दिवस शाखेच्या मागच्या पडवीत त्यांचे काम चाले. त्या काळी बँका, रेल्वे, शाळा यांच्या खुर्च्यांवर अंध विणकरांची अशी कितीतरी घरे चालत. मग नवे फर्निचर घेण्याची मुभा आली. मी टिपण लिहिले: दरवर्षीचा विणकामाचा खर्च वाचेल, दीर्घकालीन बचत होईल. टिपण मंजूर झाले, फोमच्या खुर्च्या आल्या, अडतीस वेताच्या खुर्च्या भंगारात निघाल्या.

दिवाळीआधी तात्या नेहमीप्रमाणे आले. मी त्यांना नव्या खुर्चीवर बसवले, चहा सांगितला. त्यांनी बैठकीखालून बोटे फिरवली, पुन्हा फिरवली आणि विचारले, ‘‘साहेब, ह्याला विणायचं कुठं?’’

मी काहीतरी बोललो. तात्या पुन्हा आले नाहीत. सहाएक वर्षांत फोम फाटला, आणि त्याला दुरुस्त करणारा कोणी नव्हता.

गेल्सटेडच्या विणकराविषयी कळले तेव्हा मला आधी तात्याच आठवले. कसब दोघांचे एकाच जातीचे. फरक एवढाच, की एकाच्या मागे संघ, शाळा, भांडार आणि पंचाहत्तर वर्षे तीच खुर्ची बनवत राहणारा कारखाना उभा राहिला; दुसऱ्याच्या मागे माझे टिपण.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांच्या यादीत पहिले नाव सुताराचे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणात रोजचा भत्ता, आणि पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे; असे कर्ज द्यायला मला माझ्या काळी आवडले असते. पण डेन्मार्कचा अनुभव सांगतो, की सुताराला कर्जाइतकीच, किंबहुना अधिक, गरज असते ती दरवर्षी येणाऱ्या कामाची, त्याचे लाकूड समजणाऱ्या आखणीकाराची, आणि सांधा उलटा करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची. कर्ज सरकार देईल. गिऱ्हाईक आपणच व्हावे लागेल. त्यासाठी साठ हजार लागत नाहीत; मोडलेली खुर्ची फेकण्याआधी मिस्त्रीला बोलावले, तरी सुरुवात होते.

आज रविवार आहे. जेवणे झाल्यावर घरातली एखादी जुनी खुर्ची उलटी करून पाहा. सांध्यात कुसू आहे की स्क्रू, बैठक विणलेली आहे की चिकटवलेली, ते मुलांनाही दाखवा. कुणाच्या तरी बोटांची खूण सापडली, तर ती खुर्ची मोडीत काढू नका. मी माझ्यापुरता एक वेताची खुर्ची जुन्या बाजारातून आणून ठेवली आहे. बैठक फाटलेली आहे. विणणारा शोधतो आहे.